लिंपलेली खिडकी

आबा, आज खिडकीवरून भांडण झालं. आवाज चढवून नव्हे. विहीणबाई कालच धुळ्याहून आल्या आहेत, पाहुण्या माणसाशी तसं कसं भांडणार? त्यांनी गोड बोलून खिडकी लावली, मी गोड बोलून उघडली. त्यांनी पुन्हा लावली आणि वरून गोधडी टांगली. मी गोधडी उतरवली, नीट घडी घातली आणि त्यांच्याच हातात दिली. खोलीत बाजेवर तुमची नात होती, तिच्या कुशीत तिचा नुकता जन्मलेला मुलगा. ती बिचारी आईकडे पाहावं की सासूकडे, या पेचात. "विहीनबाई," त्या म्हणाल्या, "इतली थंडी शे, बठ्ठा वारा पोरना आंगवर यी ऱ्हायना. आम्हनाकडे बाळंतीननी खोलीमा कोनी अशी खिडकी उघडी ठेवत नही." मी म्हटलं, ठेवत नसतील, आमच्याकडेही ठेवत नसत. एवढं बोलले आणि तुमची आठवण आली. दुपारी सगळी लवंडली तेव्हा नातवंडांच्या वहीतले कागद काढून बसले. तुम्ही वाचणार नाही हे मला कळतं. तुम्ही होतात तेव्हाही तुम्हाला वाचता येत नव्हतं, माझं पत्र गुरुजींकडून वाचून घ्यायचात आणि मग घरची गोष्ट गावभर व्हायची. आता ती तरी भीती नाही.

जळगावचं हे घर तुम्ही पाहिलं नाही. पाहिलं असतंत तर पहिल्यांदा वर पाहिलं असतंत, धुरासाठी वाट ठेवली आहे की नाही ते. ठेवली आहे. चुलीच्या वर कौलांत धुराडं आहे, समोरच्या भिंतीत खाली जाळी आहे, आणि लाकडं उन्हात कडकडीत वाळल्याशिवाय मी चुलीला लावू देत नाही, कारण ओलं लाकूड म्हणजे शिजण्यापेक्षा खोकणंच जास्त. घरोघरी मातीच्या चुली म्हणतात ते खरं, पण चूल कुठे मांडायची हे तरी आपल्या हातात असतं. तुमचे जावई जिनिंगमध्ये आहेत. संध्याकाळी डोक्यावर, भुवयांवर, कानांत कापसाचा रोवा घेऊन येतात. त्यांना अंगणातच अंग झटकायला लावते, सदरा बाहेर दोरीवर, मग घरात. पहिली काही वर्षं त्यांना त्याचा फार राग यायचा. "मी काय विटाळाचा आहे?" म्हणायचे. आता स्वतःच झटकतात, वर शेजाऱ्याला शिकवतात. झाडायचं तर आधी पाणी शिंपडून. पावसाळ्यात उत्तरेची भिंत ओल धरते, तिथे अंथरुणांची वळकटी ठेवू देत नाही. ठेवली की आठवड्यात कुबट वास मारते आणि पोरं शिंकत बसतात. रॉकेलची चिमणी निजताना बाहेर. आळीत मला पाठीमागे खिडकीवाली म्हणतात. म्हणोत. हे सगळं मी तुमच्याकडून शिकले असं सांगितलं तर कोणाला पटणार नाही, कारण माहेरी सावद्यात धूर कोंडण्याचं काम तुमच्याइतकं चांगलं कोणाला येत नव्हतं.

मी फ्रॉकमधली, तुमची भाकरी घेऊन वखारीत येते आहे. शेठजींच्या वखारीमागे केळी पिकवायच्या खोल्या. हिरवे घड एकावर एक रचलेले, मध्ये वाळलेली पानं, कोपऱ्यात मडक्यात गोवऱ्यांची धुरी, आणि बाहेरून तुम्ही दार लिंपताय. काळी माती, शेण, बारीक केलेला भुसा. तुमचा पंजा दाराच्या फटीवरून वरून खाली येतो आणि फट नाहीशी होते. लिंपून झालं की तुम्ही गाल भिंतीला लावून बघायचात, कुठून धूर डोकावतो का. डोकावला तर तिथे बोटभर माती. मग खोली तशीच बंद ठेवायची. उघडायच्या दिवशी आतून असा काही गोड, उबट वास यायचा की माझ्याच्याने राहवायचं नाही. एकदा तुम्ही दार फोडलंत, मातीचे तुकडे खाली पडले आणि मी तुमच्या बगलेखालून आत पळाले. दोन पावलंही गेले नसेन, तुम्ही वेणी धरून मला बाहेर ओढलंत आणि पाठीत एक धपाटा घातलात. त्याआधी तुम्ही मला कधी मारलं नव्हतं, नंतरही नाही. मी रडत होते आणि तुम्ही काठीला पेटती चिमणी बांधून ती खोलीत आत सरकवत होतात. चिमणी फडफडली आणि विझली. तुम्ही ती मला दाखवलीत. "पाह्यलं? आधी खोलीले दम घेऊ द्यायचा, मंग मानसानं आत जायचं. केयीले दम लागत नही. तुले लागतो." मग मागचं भोक उघडलंत, वाट पाहिलीत, पुन्हा चिमणी आत घातलीत, या वेळी ती जळत राहिली. तेव्हा तुम्ही आत गेलात आणि पहिली पिवळी फणी आणून माझ्या ओच्यात टाकलीत. माझे हुंदके थांबले नव्हते, पण केळं मी खाल्लं.

हा नियम तुम्ही वखारीत एकदाही मोडला नाहीत. घरी मात्र तो तुमच्या डोक्यात आला नाही, आणि त्याबद्दल मला तुमच्यावर फार दिवस राग होता.

माझ्या लग्नानंतर वहिनीला पहिला मुलगा झाला, ऐन थंडीत. आपलं घर धाब्याचं, वर मातीचं सपाट छप्पर, बाळंतिणीची खोली मागची. एक खिडकी, आणि धाब्यात वर सानं, धूर-उजेडासाठी ठेवतात ते भोक. सान्यावर माय पालथं मडकं ठेवायची. बाजेखाली शेगडी, ओव्याची धुरी, दाराला गोधडी. मुलगा बारशाच्या आधीच गेला. कोणी म्हणालं सटवाईनं लिहिलंच तेवढं होतं. पण सुईण म्हणाली, खिडकीची फळी किलकिली होती, वारं शिरलं. मग विचारपूस झाली आणि निघालं की वहिनीनंच ती उघडली होती. जीव घाबरा झाला म्हणून, बोटभरच. झालं. त्या दिवसापासून घरात कोणी तिला टाकून बोललं नाही, आणि कोणी धड बोललंही नाही. मी माहेरी आले की ती मला एवढंच विचारायची, "बाई, बोटभर फटीतून इतकं वारं येतं का हो?" मला काय माहीत होतं? मीही नुसती मान हलवायचे, हो की नाही ते तिचं तिनं समजावं.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात माझ्या बाळंतपणाची पाळी आली. मी येण्याआधी तुम्ही वखारीतून दोन दिवस सुटी घेतली होतीत. मायनं कौतुकानं सांगितलं, शेठजींनी सुटी कशाला म्हणून विचारलं तर म्हणाले, लेकीची खोली करायची आहे. मी खोलीत गेले आणि खिडकी सापडेना. तुम्ही आतून फळीसकट लिंपून टाकली होतीत, भिंतीशी एकसारखी, वरून पांढऱ्या मातीचा हात. धाब्याखालच्या लाकडी सरांमधल्या फटी बुजवल्या होत्या. सान्यावर मडक्याऐवजी फरशी आणि तिच्या कडेनं मातीचा गारा. तुम्ही गाल भिंतीला लावून फिरलात आणि माझ्याकडे पाहून हसलात. "मुंगीले बी वाट ठेवली नही," म्हणालात. आबा, इतकं सुंदर काम होतं ते. मला माहेरी आल्याचं इतकं बरं वाटलं होतं की डोळे भरून आले.

तुमची नात झाली. शेगडीला बाभळीचा निखारा, तुम्हीच निवडून आणलेला, कारण त्याला धूर नसतो. धूर नाही म्हणजे त्रास नाही, अशी सगळ्यांची समजूत होती आणि माझीही तीच होती. मला रोज दुपारून डोकं चढायचं. माय म्हणायची, अंगात रक्त नाही, चालायचंच. पाचवी पुजून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. माय धुणं घेऊन विहिरीवर गेली, मांजर शिरू नये म्हणून तिनं दाराला बाहेरून कडी घातली. वहिनी अंगणात उखळात कांडत होती. मी पोरीला पाजत होते. आधी कानांत गुंईऽ असा आवाज सुरू झाला. मग पाहिलं तर पोर ओढत नव्हती. तोंडात स्तन तसाच, पण ओठ ढिले, मान माझ्या हातावरून मागे पडलेली. हाक मारावी म्हटलं तर आवाज गोधडीच्या पलीकडे जाईना, आणि बाहेर मुसळ चालूच. तेवढ्यात माझी नजर कोनाड्यातल्या चिमणीवर गेली. सकाळीच मायनं तेल घातलं होतं. तरी ज्योत वाटाण्याएवढी झाली होती आणि फडफडत होती.

ती फडफड मी पाहिलेली होती. पाठीतला धपाटा आठवला, वेणीला बसलेला हिसका आठवला. मी उठायला गेले तर पाय लागेनात. मग पोरीला पोटाशी धरून गुडघ्यांवर सरकत भिंतीपर्यंत गेले. खिडकी कुठे आहे हे हातानं चाचपून काढावं लागलं, इतकं तुमचं काम चोख. उशाशी विळा होता, सटवाईची नजर लागू नये म्हणून ठेवतात तो. तोच घेतला आणि मारत सुटले. मातीचा एक पोपडा पडला, मग दुसरा. फळी लागली. फळीत विळ्याचं टोक घालून सगळ्या अंगाचा भार दिला, तेव्हा ती मोडली आणि बाहेरची थंड हवा तोंडावर आली. मी पोरीचं तोंड त्या भोकाशी धरलं. काही होईना. मी तिच्या तळपायांना टिचक्या मारत होते, तिच्या तोंडात फुंकत होते, आणि मला वाटतं तिला शिव्याही देत होते. मग ती शिंकली. शिंकली आणि रडायला लागली, आणि ते रडणं मुसळाच्या आवाजावर गेलं. वहिनी धावत आली, कडी काढली, आत पाहिलं. हातात विळा, मोडलेली खिडकी, मातीनं माखलेली मी. तिनं आधी शेगडी उचलली आणि अंगणात नेऊन पालथी केली.

संध्याकाळी तुम्ही आलात. तोवर खोली गार पडली होती. तुम्ही उंबऱ्यातूनच खिडकी पाहिलीत आणि तुमचा चेहरा बदलला. "तुले पोर जगवायची हाये का नही?" तुम्ही ओरडलात. "एक पोरगा गेला या खिडकीनं. कयत नही का तुले?" माय रडायला लागली. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उभी. मी तुम्हाला उलट कधी बोलले नव्हते. पण पोर माझ्या मांडीवर होती आणि तिची मान आता ताठ होती. मी म्हटलं, "आबा, ही केयीची खोली नही. केयीले दम लागत नही. माह्या पोरीले लागतो." तुम्ही कोनाड्यातली चिमणी उचललीत, हलवून तेल पाहिलंत, काजळीनं काळा झालेला कोनाडा पाहिलात. जेवायला बसला नाहीत.

सकाळी उठले तर तुम्ही धाब्यावर. फरशी काढून सानं मोकळं करत होतात. मग खाली आलात, आम्हा दोघींना मधल्या घरात बसवलंत आणि रिकाम्या खोलीत ओल्या पानांची धुरी पेटवलीत. मायला वाटलं तुम्हाला वेड लागलं. तुम्ही पाहत होतात धूर कुठे जातो. नुसत्या खिडकीनं तो खोलीतच घोटाळत राहिला. सान्यातूनही थोडा गेला, बाकी वर तरंगत राहिला. मग तुम्ही पहार घेतलीत आणि दाराशेजारच्या भिंतीत, जमिनीपासून वीतभर उंचीवर भोक पाडलंत. धूर उचलला गेला. खालून गार हवा आली आणि तिनं धूर वर ढकलत सान्यातून बाहेर काढला. आयुष्यभर ज्याला वाट बंद केली त्याला वाट करून देताना तुम्ही ओठ घट्ट मिटून उभे होतात. बाजेला वारा थेट लागू नये म्हणून तुम्ही बांबूचा तट्ट्या आडवा लावलात. शेगडी अंगणात, तिच्यावर फडकी गरम करायची आणि आत आणून शेकायचं, निखारा आत येणार नाही, असं मायला सांगितलंत. मायनं विचारलं, लोक काय म्हणतील? तुम्ही म्हणालात, "लोकाह्यले बसव त्या खोलीत शेगडी घेऊन."

हात धुताना तुम्ही माझ्याशी बोललात, पण आवाज मुद्दाम मोठा ठेवून, आत ऐकू जाईल असा. सासऱ्यानं सुनेशी समोरासमोर बोलायची आपल्याकडे रीत नव्हती. "सूनबाईले सांग," म्हणालात, "तव्हा तिनं खिडकी उघडली ते बरंच केलं व्हतं." आतून भांडं खाली ठेवल्याचा आवाज आला. वहिनीला मी त्या दिवशी पहिल्यांदा मोठ्यानं रडताना ऐकलं. आणि मग तुम्ही, माझ्याकडे न पाहता, हळू विचारलंत, "मंग तो पोरगा... तो वाऱ्यानं नही गेला?"

मी उत्तर दिलं नाही. तुम्हीही पुन्हा विचारलं नाहीत. त्यानंतर गावात कोणाच्या घरी बाळंतपण आलं की तुम्ही न बोलावता जायचात, पहार खांद्यावर. काही जणांनी तुम्हाला हाकलून दिलं. एका म्हातारीनं तर अंगावर पाणी फेकलं, असं माय सांगायची. तरी तुम्ही पुढच्या घरी जायचात. स्वतःसाठी मात्र तुम्ही काही केलं नाहीत. वखारीत धुरी फुंकतच राहिलात, आणि शेवटी शेवटी तुमच्या छातीत असा काही घरघराट असायचा की तुम्ही बसूनच झोपायचात, सान्याखाली, तोंड वर करून. मी म्हणायचे, सोडा ते काम. तुम्ही म्हणायचात, केयी काय आपोआप पिकतीन?

आता आजचं सांगते. गोधडी हातात घेऊन विहीणबाई उभ्या होत्या. मी त्यांना म्हटलं, नातू तुमचाच आहे, पण खोली माझी आहे आणि या खोलीत एक खिडकी उघडी राहील. शेगडीही बाहेरच राहील. हवं तर तुम्ही मला आयुष्यभर नावं ठेवा. मुलगी बाजेवरून म्हणाली, "आई, राहू दे ना," तर तिलाही म्हटलं, तू गप्प बस, तुझ्यापायी मी विळ्यानं भिंत फोडली आहे. विहीणबाईंनी गोधडी स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि खिडकी आणि बाज यांच्यामध्ये, खिडकीकडे पाठ करून बसल्या. दुपारभर तशाच बसल्या आहेत. सगळा वारा आपल्या पाठीवर घेत. मी आत जाऊन पाहिलं तर तशाच बसल्या बसल्या डुलक्या घेत होत्या. आबा, मला त्या बाईचा राग करता येईना. उद्या तुमच्यासारखा एक तट्ट्या करून घेईन, म्हणजे त्यांची पाठ सुटेल.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याजवळ त्या सकाळीच होतं. मला वाटतं, तो मुलगा त्या खोलीनंच गेला. आजही तसंच वाटतं. तेव्हा बोलले नाही, कारण तुम्हाला तो घाव पेलला नसता. पण तुम्हाला ते कळलंच होतं, नाहीतर म्हातारीचं पाणी अंगावर घेऊन पुढच्या घरी कोण जातं?

आणि एक सांगायचं राहिलं. आज पहाटे गारठा फार वाढला. बाळ कुडकुडल्यासारखं वाटलं, आणि मी उठले ती सरळ खिडकीशी गेले. फळी ओढून घेतली. एवढ्यावर थांबले नाही. फळीच्या कडेनं माझा पंजा वरून खाली फिरला, फट चाचपत, अगदी तुमच्यासारखा. इतकी वर्षं आळीला शिकवणारी मी. मग ज्योत पाहावी म्हणून नजर चिमणीच्या जागेकडे वळली. ती तर बाहेर ठेवलेली होती, म्हणजे दम कोंडला तरी सांगायला आत काहीच नव्हतं. हात तिथल्या तिथे थांबला. मी खिडकी उघडली, बाळाला दुसरं पांघरूण घातलं आणि परत येऊन निजले. निजले कसली, पडून राहिले. तुम्ही ती खोली लिंपताना तुमच्या मनात काय होतं, ते आज माझ्या हाताला कळलं.

हे पत्र कुठे पाठवणार? चुलीत घालावं तर उगाच धूर. खिडकीची फळी वाऱ्यानं सारखी आपटून बंद होते आहे, पाचर काही सापडत नाही. कागद बरेच झाले आहेत, चार पदरी घडी केली तर नेमके बसतील.